दोन जमिनीवर

तिसरी काठी झुंबरबाईच्या खांद्यावर बसली तेव्हा बाकीच्या बायका कुंपणाबाहेर पोचल्या होत्या. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज आला. ती एका गुडघ्यावर खाली गेली, पण लुगड्याचा ओचा तिनं सोडला नाही. ओच्यात केळ्यांच्या दोन फण्या होत्या.

"टाक ते! निघ!" भिकन ओरडला.

ती उठली नाही. मान वर करून तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"काबर मारस रे भाऊ? इतला मोठा ढीग शे. बठ्ठा कुजी जाई. तुना बापनं काय जास?"

भिकनची काठी वरच राहिली. सावद्यात येऊन त्याला सतरा वर्षं झाली होती. इथली बोली वेगळी. 'शे' म्हणणारं माणूस महिन्यातून एखादं भेटायचं, तेही ट्रकवरचं.

"कोठली तू?"

"सोनगीरनी. किल्लाखाले वस्ती शे, तठली."

ती त्याचीच वस्ती होती. तसं त्यानं सांगितलं नाही. काठी खाली घेतली आणि म्हणाला, "जाय. उद्यापासून मोजीसन ये."

मोजून ये म्हणजे काय ते तिला कळलं नाही. कुंपणाबाहेर शहजादीनं तिला सांगितलं. शहजादी सावद्याचीच, पन्नाशीची, दहा वर्षं या ढिगावर येणारी. झुंबरबाईच्या खांद्यावरचा वळ बघून ती हसली.

"नवीन आहेस ना, म्हणून खाल्लीस. ऐक. हा पहिली काठी जमिनीवर मारतो. दुसरी पण जमिनीवर. तिसरी अंगावर. पहिलीला आत शिरायचं, दुसरीला उचलायचं, तिसरीच्या आत बाहेर. पहिल्या दोन जमिनीच्या, तिसरी आपल्या बापाची."

सत्त्याऐंशी सालचा मे महिना होता. धुळ्याकडे सलग दुसऱ्या वर्षी विहिरी आटल्या होत्या. तिकडची माणसं केळीच्या पट्ट्यात काम मागत आली होती आणि काम मिळालं नाही म्हणून स्टेशनच्या रस्त्याला पालं ठोकून राहिली होती. झुंबरबाईच्या पालात म्हातारी सासू होती आणि दोन मुली. नवरा सुरतेला जातो म्हणून गेला होता.

केळीच्या व्यापारी शेठचं लोडिंगचं आवार त्याच रस्त्यावर होतं. केळी इथून हिरवी जायची, दिल्लीपर्यंत. घडात एखादं केळं जरी पिवळं दिसलं तरी अख्खा घड बाजूला काढत, कारण वाटेत ते एक केळं रेल्वेचा सगळा डबा पिकवून टाकतं. असा बाद माल आवाराच्या मागच्या अंगाला पडायचा. त्या महिन्यात उन्हानं घड झाडावरच पिवळे पडत होते आणि दिल्लीचा भाव कोसळला होता. शेठनं चांगला मालही पाठवायचा थांबवला. ढीग माणसाच्या छातीपर्यंत आला. खालचा थर काळा होऊन त्यातून पाणी वाहू लागलं. वरच्या केळ्यांना डागसुद्धा नव्हता.

ढिगाला कोणी हात लावायचा नाही, हे बघणं भिकनचं काम. ढिगावरची केळी गावातल्या हातगाड्यांवर जातात आणि बाजार बिघडवतात, असं शेठचं म्हणणं होतं. भिकन रोज मारायचा. डोकं आणि पोट सोडून मारायचा आणि आधी दोनदा जमिनीवर. हा नियम त्याला कोणी घालून दिला नव्हता. दुसऱ्या आणि तिसऱ्या काठीच्या मधलं अंतर सतरा वर्षांत थोडं थोडं वाढत गेलं होतं.

"भिकनभाऊ," शहजादी कुंपणावरून विचारायची, "आज तिसरी घरी विसरलास का? की बायकोनं ठेवून घेतली?"

झुंबरबाई दोन दिवसांत मोजायला शिकली. तिची एक सवय वेगळी होती. ती फणी उचलायची, ती बोटांनी फिरवून सगळीकडून बघायची आणि मगच ओच्यात टाकायची. साल कुठं फुटलेलं असलं तर ते केळं तोडून परत ढिगावर. एकदा या पाहण्यात तिला उशीर झाला आणि तिसरी काठी पोटरीवर बसली.

"मरशील अशानं," भिकन म्हणाला. "काय बघत ऱ्हास इतलं?"

"साल बघस. आम्ही उष्टं खातस नही. सासरानी घरमा सांगी ठेयेल शे, मरी जा पन उष्टं खाऊ नका. केळाले साल शे. साल साबूत शे तवलोंग ते कोनंच उष्टं नही. वरथून पडेल आंब्यासारखं."

भिकन मागे वळला. तो फाटकाजवळ जाऊन बसला.

त्याच्या बापानंही हेच सांगितलं होतं. धम्माची दीक्षा घेऊन आला त्या दिवशी बापानं लग्नाच्या पंगतीबाहेर उष्ट्यासाठी घेऊन बसायचं टोपलं वस्तीच्या मधोमध जाळलं. दोन वर्षांनी, भिकन नऊ वर्षांचा असताना, आईनं पाटलाच्या घरच्या लग्नातून पदराखाली बट्ट्या आणल्या. घरात दोन दिवस चूल नव्हती. बापानं तिला केसांना धरून दारात आणलं आणि सगळ्या वस्तीदेखत मारलं. चपलेनं, मग हातानं, मग खाली पडल्यावर पायानं. आईचा समोरचा एक दात तेव्हा पडला. बट्ट्या त्यानं रस्त्यावर फेकल्या. कुत्री आली. सगळे आईला उचलायला धावले तेव्हा भिकननं कुत्र्यासमोरून एक बट्टी ओढली, घरामागं जाऊन धुळीसकट खाल्ली. तूप लागलं होतं तिला. हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

दुसऱ्या आठवड्यात मुकादम बन्सीलाल रॉकेलचा डबा घेऊन आला.

"शेठनं सांगितलंय, रोज सकाळी ढिगावर शिंपडायचं."

भिकननं शिंपडलं. कुंपणाबाहेर बायका बघत उभ्या होत्या. शहजादीनं नाक मुरडलं. "रेशनच्या रांगेत बाटलीभर मिळत नाही, माझ्या घरात दिवा नाही. आणि इथं केळी आंघोळ करतायत."

रॉकेलचा उपयोग झाला नाही. रॉकेल सालावर राहायचं. बायका केळी नेऊन मातीनं घासायच्या, सोलायच्या. वास यायचा, पण खाता यायची. हे तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी शहजादीला राहवलं नाही. बन्सीलाल फाटकात उभा असताना तिनं त्याच्यासमोर केळं सोललं आणि साल त्याच्या पायापाशी टाकलं.

"रॉकेल तुमचं, तुम्ही ठेवा मुकादम. केळं आमचं."

बायका हसल्या. भिकनलाही हसू आलं आणि बन्सीलालनं ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर कोयता आला.

"आधी चिरायची," बन्सीलाल म्हणाला. "प्रत्येक फणी. मग रॉकेल. आत मुरलं पाहिजे."

भिकननं चिरायला सुरुवात केली. कोयता फणीवर आडवा पडला की पाच-सहा केळी एकदम उघडी व्हायची, आतला पांढरा गर दिसायचा, त्यावर रॉकेल. तासाभरात माश्या आल्या. त्यानं वरचा थर चिरला आणि खालचे तसेच ठेवले. आणि चिरण्याआधी कोयत्याची पाठ शेजारच्या दगडावर दोनदा आपटायची, हे आपोआप झालं. ठक, ठक, मग घाव. बायकांना ते लगेच कळलं. त्या कुंपणाच्या मागच्या फटीतून यायच्या आणि चिरलेल्या थराच्या खालून साबूत फण्या ओढायच्या. ठक ऐकला की थांबायचं, दुसरा ऐकला की हात मागे. झुंबरबाई सगळ्यांत पुढं असायची. तिला आता वर बघावंही लागत नव्हतं.

एकदा ती ढिगाच्या पलीकडून म्हणाली, "भाऊ, तू साल फाडी टाकस ना, मंग ते उष्टं व्हई जास. कोयताचं उष्टं."

"मी काय करू?"

"काही नको करू. वरवर फाड."

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी बन्सीलाल खुर्ची घेऊन आला आणि ढिगासमोर बसला.

"बाजारात न चिरलेला माल दिसला काल. आज माझ्यासमोर चिर. बुडापासून."

भिकननं कोयता घेतला. पाठ दगडावर आपटली.

"ते काय?"

"काय?"

"ते ठकठक. टाळ देतोस का? बायकांना आवतण देतोस? मला काय समजत नाही का रे?" बन्सीलाल खुर्चीतून न उठता बोलत होता. "शेठ म्हणत होते, भिकनला खोली कशाला दिली आपण? तुझ्या जागी गनी यायला तयार आहे. आजच ये म्हटलं तर आजच येतो. थेट मार."

आवारातल्या त्या खोलीत भिकनची बायको होती, तापानं पडलेली मुलगी होती. दारातून खाटेचा पाय दिसत होता.

त्यानं थेट मारला. एक फणी, दुसरी, तिसरी. ढीग मधून खचू लागला. बन्सीलाल म्हणाला, "अजून खाली." भिकन वाकला. मधल्या थरातली एक पिवळी, साबूत फणी थोडी हलली. पलीकडून एक हात आत आला होता. काळा, नखं तुटलेली, मनगटावर हिरवं गोंदण. त्या हातानं फणी फिरवली, साल चाचपलं.

भिकनला हात दिसला. हात दिसला नव्हता, असं तो नंतर कोणाला म्हणाला नाही. कोयता तेव्हा खांद्याच्या वर होता आणि खाली येत होता. ती हात काढेल असं त्याला वाटलं. तिला वाटलं, अजून दोन बाकी आहेत.

घाव फणीवर पडायचा तसाच पडला.

आधी कोणी ओरडलं नाही. हात ढिगातून मागे गेला. मग पलीकडे शहजादीची किंकाळी आली आणि बायका पळाल्याचा आवाज. भिकन वळसा घालून गेला. झुंबरबाई कुंपणाला टेकून बसली होती. उजवा हात तिनं डाव्या हातात धरला होता आणि तो कोपरापर्यंत लाल झाला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. ती हाताकडे बघत नव्हती. भिकनकडे बघत होती.

"दोन कोठे ग्यात, भाऊ?" तिनं विचारलं.

ती कुठल्या दोनांबद्दल विचारते आहे, हे त्याला कळलं नाही. तो ढिगाकडे धावला आणि चिरलेल्या केळ्यांत, रॉकेलात, माश्यांत हात घालून शोधू लागला. एक सापडलं. दुसरं शेवटपर्यंत सापडलं नाही.

शहजादीनं पदर फाडून हात बांधला. बायकांनी बर्फवाल्याची हातगाडी अडवली, झुंबरबाईला तिच्यावर घातलं आणि दवाखान्याकडे नेलं. बन्सीलाल खुर्चीशेजारी उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचाच होता.

"चोरी करताना हात घातला तिनं. कोणी विचारलं तर हेच. तू कशाला रडतोस? रॉकेल टाक वर. रक्त दिसतंय."

भिकननं डबा उचलला आणि ओतला.

खोली गेली नाही. पोलीस येतील असं दोन दिवस वाटलं, आले नाहीत. शेठनं कोयता बंद करायला सांगितला आणि भिकनला पुन्हा काठी दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायका रस्त्यापलीकडे उभ्या होत्या. भिकन ढिगाजवळ गेला. काठी जमिनीवर मारली. थांबला. दुसरी मारली. कोणी आत शिरलं नाही. तो बराच वेळ तसाच उभा राहिला, एरवीपेक्षा कितीतरी जास्त.

"शहजादी," त्यानं हाक मारली. "या ना. मी मारत नाही."

शहजादी नेहमीसारखी काही बोलेल, असं त्याला वाटलं. ती खाली थुंकली आणि बायकांना घेऊन निघून गेली.

ढीग आठ दिवसांत बसला. रस्त्यानं जाणारे नाकाला रुमाल लावू लागले. गाई यायच्या, रॉकेलच्या वासानं तोंड फिरवून जायच्या.

बाराव्या दिवशी उन्हाच्या वेळी झुंबरबाई एकटी आली. फाटकाच्या बाहेर उभी राहिली. हाताला मळकं फडकं होतं. तोंड उतरलं होतं, गालाची हाडं वर आली होती. मागे पालाच्या सावलीत दोन मुली बसलेल्या दिसत होत्या.

भिकन उठला. सकाळीच उतरलेल्या मालातला एक घड त्यानं ओढला, चांगल्यातला. त्याची एक फणी तोडून तिच्यासमोर फाटकाच्या दगडी खांबावर ठेवली आणि चार पावलं मागे येऊन उभा राहिला. काठी भिंतीला होती.

तिनं फणी उचलली. उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी ती सावकाश फिरवली. हात नीट वळत नव्हता, तरी तिनं सगळी केळी बघितली, एक एक. शेवटच्याला, घड तोडताना विळा लागला असेल, नखाएवढी चीर होती. आतला पांढरा गर दिसत होता.

तिनं ते एक केळं तोडलं आणि खांबावर परत ठेवलं.

"हाई ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

बाकीची फणी ओच्यात घालून ती गेली.

"कोण होतं रे?" आतून बन्सीलालनं विचारलं.

"कोणी नाही."

केळं खांबावरच राहिलं. दुपारी चिरेच्या कडेनं मुंग्यांची रांग लागली. संध्याकाळी आवार झाडताना भिकन तिथं आला, खांबाभोवतीचा पाला गोळा केला, पुढं गेला. केळं त्यानं ढिगावर टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्ण काळं पडलं होतं, तरी तिथंच होतं.