मुंग्या आल्या की सांगा

नबीमियाँचा अंगठा सीताफळात घुसला तेव्हा समोरच्या बाई ओरडल्या, "अवं चाचा, फळाचा चेंदा केला की!"

त्यांनी खाली पाहिलं. अंगठा पार बियांपर्यंत रुतला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. त्यांच्या मुलीनं, इरमनं, ते फळ बाजूला टाकलं, दुसरं दिलं आणि वर एक जास्तीचं घातलं. बीडच्या बसस्टँडसमोर ज्याची उभी हयात सीताफळं विकण्यात गेली, नुसता हात लावून जो सांगायचा, हे आज खा, हे परवा खा, हे पाहुणे येतील तेव्हाला ठेवा, त्या माणसाची ही गत. नबीमियाँना मात्र त्याचं वाईटही वाटलं नाही. वाईट वाटणं हा प्रकारच त्यांच्यातून उठून गेला होता.

मागच्या हंगामाच्या शेवटी पाटोद्याहून माल आणताना टेम्पो उलटला होता. चालवत होता जावेद, त्यांचा एकुलता एक मुलगा. तो जागीच गेला. काच नबीमियाँच्या उजव्या मनगटात शिरली, नस तुटली आणि बोटं बधिर झाली. बाप दवाखान्यात भूल घेऊन पडलेला असताना इकडे पोराचं दफन झालं. अख्ख्या मोहल्ल्यानं कबरीवर तीन-तीन मुठी माती दिली. ज्याचा हक्क पहिला, त्याचीच तेवढी राहिली.

पुढं मोठ्या शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तुटलेल्या नसेच्या दोन टोकांमध्ये एक बारीक नळी बसवली. नळीत काय भरलंय ते त्यांनी समजावून सांगितलं. "प्रथिनांचे अगदी छोटे तुकडे आहेत, पेप्टाइड म्हणतात. आम्ही नुसते पाण्यात सोडतो. ते आपले आपण ओळीनं लागतात आणि डोळ्यांना दिसणार नाही असं जाळं तयार होतं. शरीराला ते परकं वाटत नाही. त्या जाळ्याला धरून नस पुढं वाढते, आणि मग जाळं हळूहळू विरून जातं. नवीन उपचार आहे, खात्री देत नाही. पण बोटांना मुंग्या आल्या की सांगा. मुंग्या आल्या म्हणजे नस जागी होतेय."

इरमला भारी नवल वाटलं. माणसांना रांगेत उभं करायला पोलीस लागतात, आणि हे तुकडे म्हणे न सांगता ओळीत लागतात! नबीमियाँनी एवढंच विचारलं, "धंद्यापुरता तरी हात येईल ना, म्याडम?"

सगळ्यांना तेच खरं वाटलं. खरं काय ते त्यांनी फक्त इरमला सांगितलं होतं. "जावेदला माती द्यायची हाय."

"मंग जा ना अब्बा. आजच जा."

"ह्या हातानं? धरली काय आन सोडली काय, मला कळनारच न्हाई. बापानं माती दिली आन बापालाच ठावं न्हाई, आसं कुटं आस्तं का?"

मौलानांनीही समजावलं, राहिली तर राहिली, दुआ करा, गुन्हा नाही. नबीमियाँनी मान डोलावली आणि कब्रस्तानाकडं फिरकले नाहीत. रडलेही नाहीत. जेवायचे, गाडा लावायचे, झोपायचे. चहाच्या ग्लासानं बोट भाजायचं, ते फोड आल्यावर घरचे सांगायचे.

मग हा नवा हंगाम आला, ते फळ चेंदलं, त्यालाही काही दिवस झाले. एका दुपारी पालीच्या डोंगराकडचा माल मांडताना ते म्हणाले, "इरम, मुंग्या."

तिच्या हातातलं वजन खाली पडलं. तिनं बापाचा हात ओढून घेतला, आणि तिचा चेहराच उतरला. बोटांच्या बेचक्यात लाल मुंग्या फिरत होत्या. खऱ्याखुऱ्या, फुटक्या सीताफळाच्या वासानं आलेल्या.

"अब्बा, ह्या खऱ्या हायत. पाटीतल्या." तिनं त्या झटकल्या.

"आसं व्हय," म्हणत ते पुन्हा फळं मांडू लागले.

एवढी आशा लावायला कुणी सांगितलं होतं, म्हणून इरमला स्वतःचाच राग आला. तिनं पुढच्या गिऱ्हाइकाला अर्धा किलो तोललं आणि पिशवी देता देता थांबली.

"अब्बा, मुंग्या तुमी डोळ्यांनी बगितल्या का?"

"न्हाई. मी रस्त्याकडं बगायलतो."

"मंग तुमाला कळल्या कशा?"

नबीमियाँनी अंगठा तर्जनीवर घासला. परत घासला. मधलं बोट अजून लाकूडच होतं. "गाड्यावर कापड टाक," ते म्हणाले.

कब्रस्तानात बायका आत जात नाहीत, म्हणून इरम फाटकाशी उभी राहिली. ऊन चांगलंच तापलं होतं. आत नबीमियाँ कबरीपाशी बसलेले तिला पाठमोरे दिसत होते. तीन मुठी माती द्यायला लागतो तेवढा वेळ होऊन गेला, त्याच्या दुप्पटही होऊन गेला. मग ते उठले आणि सावकाश चालत आले. चेहरा ओला होता आणि ते तो पुसत नव्हते.

"दिली, अब्बा?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. उजवी मूठ अजून मिटलेली होती आणि मधल्या बोटाच्या फटीतून थोडी थोडी माती गळत होती.

"गरम लागायलीय," ते म्हणाले. "आता कळायलीय, इरम. आता कशी सोडू?"