बसून घेतलेलं माप

“ताई, एक स्टूल मिळेल का?”

दुकानातली विक्रेती कपड्यांच्या घड्या घालता घालता थांबली. “दमलात का काका? तिकडे सोफा आहे बघा.”

“मला नको. हिला हवंय, आत कपडे बदलायच्या खोलीत. घातल्यावर बसून बघायचंय तिला.”

“बसून? आरशात बघतात ना काका.”

“आरशात उभं राहून बघतात. हिला बसायचंय.”

विक्रेतीने एकदा त्याच्याकडे आणि एकदा त्याच्या मुलीकडे पाहिलं. मुलगी छताच्या पंख्यात फार महत्त्वाचं काहीतरी सापडल्यासारखी वर बघत होती. अकरा वर्षांच्या मुलीला बापाबरोबर कपडे घ्यायला जाताना जेवढी लाज वाटायला हवी तेवढी तिला वाटतच होती, त्यात आता स्टुलाची भर पडली होती.

बाप बसगाड्यांच्या सीटना कव्हरं शिवायचा. गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बावीस वर्षं हेच काम चाललं होतं, त्यामुळे ड्रायव्हरपासून मालकापर्यंत सगळे त्याला सीटमास्तर म्हणत. त्याच्या कामाची एक पद्धत होती. रिकाम्या सीटचं माप तो कधी घेत नसे. कुणालातरी धरून आणायचा, सीटवर बसवायचा आणि मग टेप लावायचा. माणूस बसला की फोम दबतो, कापड मागे ओढलं जातं, कोपरे वर येतात. “बिनबसलेल्या सीटचं माप खोटं,” असं तो म्हणे, आणि गॅरेजमध्ये चहाला आलेला माणूस हमखास मापाला सापडे.

मुलगी जन्मली तेव्हा गोल गरगरीत होती म्हणून तिचं नाव पडलं गोटी. गेल्या आठ महिन्यांत ती अशी काही उंच झाली होती की कुणी “गोटी” म्हणून हाक मारली की नवखा माणूस दुसरीच कुणीतरी मुलगी शोधायला लागे.

हे तिसरं दुकान होतं. तिन्ही दुकानांत प्रकार एकच. डाव्या हाताला लहान मुलांचे कपडे, त्यांच्यावर ससे, फुगे आणि चमकणाऱ्या टिकल्या. उजव्या हाताला मोठ्या मुलींचे, त्यांना कुठे खांदा नाही, कुठे पोट नाही, आणि जे आहे ते अंगाला चिकटलेलं. सशांत गोटी मावत नव्हती आणि उजवीकडचे कपडे तिला नको होते. अकरा ते तेरा वर्षांच्या मुली बहुधा या शहरात राहतच नसाव्यात, असं दुकानदारांचं मत दिसत होतं.

स्टूल आलं. गोटी एक पँट आणि शर्ट घेऊन आत गेली. थोड्या वेळाने पडद्यामागून बारीक आवाज आला. “बाबा, उभी असले की ठीक आहे.”

“आणि बसलीस की?”

“मागे गार लागतंय.”

सीटमास्तरने पँट बाहेर मागवली, उलटी केली आणि शिवण बोटाने चाचपत विक्रेतीला दाखवली. “बघा ताई. मागचं कापड पुढच्याएवढंच कापलंय. माणूस बसला की मागे जास्त लागतं. सीटचंही तसंच असतं.”

“काका, ही सीट नाहीये.”

“तेच तर म्हणतोय. सीटला तरी बरं कापड मिळतं.”

विक्रेती हसली, पण तिच्याकडे तिसरा पर्याय नव्हता. बापलेक रिकाम्या हाताने बाहेर पडले. रस्त्यात गोटी म्हणाली, “जाऊ द्या ना बाबा. क्लबच्या सरांना सांगा, रविवारच्या स्पर्धेला गोटी येत नाही.”

हीच ती भीती होती. सीटमास्तर आठवडाभर हे वाक्य येऊ नये म्हणून दुकानं पालथी घालत होता.

गोटी बुद्धिबळ खेळायची. बरी खेळायची असं नाही, चांगलंच खेळायची. दोन महिन्यांपूर्वीच्या स्पर्धेत पट रंगमंचावर मांडले होते, टेबलांना खाली काही झाकण नव्हतं, आणि प्रेक्षक खाली, नेमके गुडघ्यांच्या उंचीवर. अंगात गेल्या वर्षीचा फ्रॉक. उभी असताना कसाबसा चालून जाणारा तो फ्रॉक बसल्यावर चांगला चार बोटं वर सरकला. मग सगळा वेळ गोटीचा डावा हात टेबलाखाली फ्रॉक ओढत राहिला. जिंकत आलेला डाव होता. तिने भराभर चाली केल्या, वजीर फुकट घालवला आणि हात मिळवून मोकळी झाली. आई-बापाला वाटलं, घाबरली असेल. नंतर चार दिवसांनी, गृहपाठ करता करता, वहीतून मान वर न काढता तिने सांगितलं होतं, “मला फक्त तिथून लवकर उठायचं होतं.”

हे ऐकल्यापासून सीटमास्तरच्या जिवाला चैन नव्हतं. पोरीला खेळात कुणी हरवलं असतं तर त्याने मुकाट्याने सोसलं असतं. पण एका फ्रॉकने हरवावं, हे त्याला फार लागलं होतं.

घरी आल्यावर त्याने चप्पलही न काढता जाहीर केलं, “मीच शिवतो.”

गोटीची आई नर्स होती. नुकतीच ड्यूटीवरून येऊन पाय वर घेऊन बसली होती. “कशाचं शिवणार? रेक्झिनचं?”

“कापडाचं.”

“अहो, पोरगी आहे ती, बस नाही.”

“मग तू शिव.”

ते शक्यच नव्हतं, कारण सुईशी तिचा संबंध इंजेक्शनपुरताच होता. शर्टाचं बटण तुटलं तरी ती ते नवऱ्याच्या डब्याच्या पिशवीत टाकून द्यायची. “शिवा बाई,” ती म्हणाली. “या वयात पोरांची हाडंच थांबत नाहीत. दवाखान्यात येतात ना बारा-तेरा वर्षांच्या पोरी, सारख्या बाह्या ओढत असतात. मला वाटायचं थंडी वाजतेय.”

कापड गोटीने निवडलं. तिच्या अटी थोड्या आणि पक्क्या होत्या. कशावरही काही लिहिलेलं नको, चित्र नको, चमकणारं नको, टोचणारं नको. बाजारात एवढ्या चाळण्या लावल्यावर उरतं ते सुती, गडद हिरवं कापड. लांब, सैलसर शर्ट आणि पँट करायची ठरली. सीटमास्तरने मशीनची दाभणाएवढी सुई काढून बारीक सुई बसवली, तेव्हा गॅरेजमधल्या मेकॅनिकने विचारलं, “मास्तर, आता काय विमानाच्या सीटा शिवताय?”

माप घ्यायची वेळ आली तेव्हा गोटीने बाबांकडे एकदा पाहिलं आणि मग जमिनीकडे. सीटमास्तरला ते कळलं. कालपरवापर्यंत ही पोर त्याच्या खांद्यावर बसून गॅरेजमध्ये येत होती. त्याने टेप बायकोच्या हातात दिली, स्वतः कागद-पेन्सिल घेऊन बाहेरच्या खोलीत बसला आणि दार लोटून घेतलं.

“खांदा घे,” तो बाहेरून म्हणाला.

“टेप कुठून धरू?”

“एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.”

“टोक कुठे येतं ते सांगा ना. मला हाडाचं नाव माहितीय, शिंप्याचं नाही.”

आतून खिदळण्याचे आवाज आले. टेप गुदगुल्या करत होती. आकडे येत गेले, तो लिहीत गेला. मग मानेपासून खालची लांबी घ्यायची होती.

“बसलीय ना ती?” त्याने सवयीने विचारलं.

“नाही, उभी आहे.”

“अगं, बसव तिला. नीट टेकून बसव. आणि सगळी मापं पुन्हा सांग.”

बायकोला त्यातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे तिने ऐकलं. गोटीला खुर्चीवर बसवून पाठ, कंबर, मांडी, गुडघा, सगळं परत मोजलं. सीटमास्तरने पहिले आकडे खोडून दुसरे लिहिले. बावीस वर्षांची सवय होती, त्यात त्याला काही वावगं वाटलंच नाही.

चार दिवस गॅरेजचं काम आटोपल्यावर तो शिवत होता. शुक्रवारी संध्याकाळी कपडे तयार झाले. गोटी ते घालून बाहेर आली आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली.

आईने तोंडावर उशी धरली.

पुढून शर्ट झकास होता. मागून तो वीतभर जास्त लोंबत होता आणि पँटच्या मागे एक रिकामी झोळी तयार झाली होती. माणूस बसल्यावर जेवढं कापड लागतं तेवढं सगळं तिथे होतं, फक्त माणूस बसलेला नव्हता.

“बाबा,” गोटी मागे वळून बघत म्हणाली, “मला शेपूट आलंय.”

मग तिघंही हसले. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. सीटमास्तर हसला खरा, पण आतून खचला. मध्ये उरला शनिवार. उसवून, कापून परत शिवायचं तर जमेल की नाही कुणास ठाऊक, आणि जमलं नाही तर ही पोर पुन्हा म्हणणार, नाव काढून टाका. कुठल्या मूर्खाने माणसाचं माप बसवून घेतलं असेल, असं तो स्वतःलाच मनात बोलला आणि कात्री आणायला उठला.

गोटीचं हसून हसून पोट दुखायला लागलं होतं. ती खुर्चीवर बसली.

तिने खाली पाहिलं. मग मागे हात लावून पाहिला. शर्ट पुढून-मागून अगदी सारखा टेकला होता. झोळी नाहीशी झाली होती. तिने एक पाय खुर्चीवर वर घेतला आणि गुडघ्यावर हनुवटी टेकली. काही सरकलं नाही. टेबलाखाली पेन्सिल पडली होती ती वाकून उचलली. मागे गार लागलं नाही. मग ती जमिनीवर मांडी घालून बसली, पालथी झाली, परत उठून खुर्चीवर पुढे झुकून बसली, खेळताना बसते तशी, दोन्ही कोपरं टेबलावर ठेवून.

“बाबा, कात्री ठेवा खाली.”

“अगं, पण मागे…”

“असू दे मागे.”

“उठलीस की दिसणार.”

“उभं राहून कोण खेळतं बाबा?” गोटी म्हणाली.

आईने उशी बाजूला ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो कात्री हातात धरून तसाच उभा होता. शेवटी बरीच घासाघीस होऊन गोटीने मागची कड थोडी गोलाकार कापायला परवानगी दिली, म्हणजे लोकांना वाटेल फॅशन आहे. झोळीला मात्र तिने हात लावू दिला नाही.

रविवारी सभागृहात सीटमास्तर आणि नर्सबाई मागच्या रांगेत बसले. रंगमंच तोच, उघडी टेबलं तीच. गोटी आपल्या जागेपर्यंत चालत गेली तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन मुली तिच्या मागे बघून एकमेकींच्या कानात काहीतरी बोलल्या. सीटमास्तर खुर्चीत पुढे सरकला. मग गोटी बसली.

त्याला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. घोडा अडीच घरं का जातो, सरळ का जात नाही, हे पोरीने दहादा समजावूनही त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. तो फक्त तिचा डावा हात बघत होता. डावा हात टेबलावर होता. मग गालावर गेला, मग केसांत, मग पुन्हा टेबलावर. एकदाही खाली गेला नाही. पहिला डाव ती जिंकली. दुसऱ्या डावात तिने एक पाय खुर्चीवर घेतला, घरी घेते तसा, आणि तोही जिंकली. नर्सबाईने नवऱ्याचा दंड इतका घट्ट धरला होता की वाटावं, रक्तदाब मोजतेय.

तिसरा डाव लांबला. समोर तिच्याच वयाचा एक चष्मेवाला मुलगा होता. बाकीची टेबलं रिकामी झाली, हे दोघंच उरले. बऱ्याच वेळाने गोटीने आपला राजा हळूच आडवा केला, हात मिळवला आणि ती उठली.

हरली. पुन्हा तेच झालं का? आपण घाई केली, उद्या पुन्हा शिवू, सगळे विचार सीटमास्तरच्या मनात एकदम आले. गोटी जिना उतरून त्यांच्यापाशी आली तेव्हा आईने आधी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग राहवलं नाही म्हणून हळूच विचारलं, “कपड्यांमुळे तर नाही ना काही झालं?”

“कुठले कपडे?” गोटी म्हणाली.

तिला खरंच कळलं नव्हतं. ती आईकडे बघत होती, पण डोळ्यांसमोर अजून पट होता. “माझा उंट चुकला गं. हत्ती हलवायला हवा होता. तो म्हणतो तरीही मी हरले असते, मी म्हणते नाही. थांबा हं, आलेच.”

आणि ती गेली. चष्मेवाल्या मुलाने तोवर रंगमंचाच्या कडेला पट मांडला होता. दोघं जमिनीवर मांडी घालून बसले आणि भांडत भांडत सोंगट्या मागेपुढे करू लागले. सभागृहातले लोक पांगले. दोन माणसं खुर्च्या एकात एक अडकवून भिंतीशी रचू लागली.

“हाक मारा तिला,” नर्सबाई म्हणाली. “उशीर होतोय.”

सीटमास्तर पोरीचा डावा हात बघत होता, तो पटावरच होता. “असू दे,” तो म्हणाला. “खेळू दे.”

खुर्च्या रचणाऱ्या माणसाने त्यांच्या रांगेतल्या खुर्च्या मागितल्या. त्या दोघांनी उठून दिल्या आणि पोरीची पाण्याची बाटली नि स्वेटर धरून दाराशी उभे राहिले.

पोरीने एकदाही वर पाहिलं नाही.