भांडं खाली ठेवू नका

दवाखान्याच्या अंगणात चाळीसेक माणसं श्वास रोखून एका काचेच्या भांड्याकडे बघत होती. भांड्यात पाणी आणि पाण्यात मुठीएवढं वाळकं झुडूप, गच्च आवळलेलं. भांडं धरून उभ्या होत्या त्या आत बाळंत होणाऱ्या पोरीच्या सासूबाई. हात भरून आले होते, पण ठेवायची सोय नव्हती.

"माते, भांडं भुईला टेकलं की मूल अडलंच समज," फूलबाबा डोळे मिटून म्हणाला. "हे फूल उमलेल तशी तुझी सून मोकळी होईल. तोवर तिला कुणी शिवायचं नाही. हे साधं फूल नाही, सात समुद्रांपलीकडचं!"

"सातही मोजले का हो?" वॉचमनकाका पुटपुटले. लोकांनी त्यांनाच गप्प केलं.

आत सिस्टर एकटी. डॉक्टर दुसऱ्या दवाखान्यात, आया आजारी, ऑक्सिजनची टाकी रिकामी. अंगणात चाळीस माणसं, आणि इथं साधं पाणी द्यायला कुणी नाही. सकाळभर या लोकांनी पोरीला बाबाच्या दारात बसवून ठेवलं, आणि आणली ती तोंड सुकल्यावर. सिस्टरला बोलायचं असलं तरी कुणाशी? भिंतीशी?

"जोर लाव पोरी. शाब्बास!"

डोकं बाहेर आलं आणि कासवानं मान आत ओढावी तसं मागं गेलं. खांदा हाडाला अडकला होता. हातात चार-पाच मिनिटं. पोरीचे गुडघे छातीशी दाबून धरायला हवेत, वरून ओटीपोट दाबायला हवं, आणि हिचे दोन्ही हात बाळाशी. पोरीचे पाय तर थरथरून गळून पडत होते.

सिस्टर खिडकीकडे तोंड करून ओरडली, "अहो, कुणीतरी आत या! मला माणूस हवंय!"

चाळीस माना वळल्या आणि परत भांड्याकडे फिरल्या.

"अजून पाकळी उघडली नाही," बाबा म्हणाला. "आत्ता शिवाल तर दोघंही जातील."

सासूबाई दाराकडे वळता वळता थांबल्या. तेवढ्यात आतून पोरीची किंकाळी आली, "आई! अहो आई!" पोरीला जन्म देणारी आई कधीच गेलेली. ही हाक सासूलाच होती.

सासूबाईंनी भांडं भुईवर टेकवलं. अंगणभर "अगं अगं!" झालं. त्या तशाच आत शिरल्या.

"हात धुवा," सिस्टर म्हणाली. "हा गुडघा खांद्यानं रेटा, छातीकडे. दुसरा तुमची सून स्वतः धरतेय. आता तळव्यानं इथं, हाडाच्या वर दाबा. भिऊ नका आजी, दाबा!"

"मोडेल गं काहीतरी!"

"मोडलं तर मी बघते. दाबा!"

खांदा सुटला. बाळ सपकन हातात आलं. निळं, ढिलं, गप्प. सिस्टरनं कोरड्या फडक्यानं पाठ चोळली. काही नाही. नाका-तोंडावर मास्क बसवून त्याला जोडलेला हवेचा फुगा दाबायला लागली. एक... दोन... तीन... दाबायचा, सोडायचा. खोलीत फुग्याचा तेवढा आवाज. सासूबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला.

मग बाळानं नाक मुरडलं आणि भोकाड पसरलं.

थोड्या वेळानं बाहेर जल्लोष उसळला. सासूबाई दारात येऊन बघतात तर भांडं बाबाच्या पुढ्यात, फूल पुरं उमललेलं, आणि लोक त्याच्या पायाशी.

"अहो, मी ठेवलं तेव्हा हे मिटलेलं होतं," त्या म्हणाल्या. "भांडं भुईला टेकलं आणि मगच पोर सुटलं. हे सगळं उलटंच झालं की!"

"बाळ रडलं तसा या बाबानं झोळीतला थर्मास ओतला भांड्यात," वॉचमनकाका म्हणाले.

"मंतरलेलं पाणी आहे ते!" बाबा गुरकावला.

सिस्टर पदराला हात पुसत आली. भांड्याला बोट लावलं आणि मागं घेतलं. चटका! तिनं बाबाच्या झोळीतून दुसरं वाळकं झुडूप उचललं, बादलीत टाकलं आणि आतून आणलेल्या किटलीतलं उकळतं पाणी ओतलं. बादली वॉचमनकाकांपुढे ठेवली.

"बघत राहा सगळे. कोण बाळंत होतंय ते कळेल."

"मी नाही बुवा," काका म्हणाले. "माझं वय गेलं."

थोड्याच वेळात झुडूप हातपाय ताणत उघडलं.

"हे मेलेलं झुडूप आहे," सिस्टर म्हणाली. "वाळलं की आवळतं, भिजलं की पसरतं, स्पंजासारखं. गार पाण्यात सावकाश, गरम पाण्यात झटपट. लवकर हवं तर थर्मास, उशीर झाला तर फुलाची इच्छा. आणि बाई गेली तर कुणीतरी शिवलं म्हणून!"

बाबानं झोळी आवळली आणि फाटकातून पसार झाला. थर्मास इथंच राहिला.

"उद्या परत कुणीतरी त्या टेबलावर असेल," सिस्टर म्हणाली. "मला मदतीला दोन माणसं हवीत. काय करायचं ते मी शिकवेन. कोण येतंय?"

जो तो आपल्या चपला शोधायला लागला. अंगण बघता बघता रिकामं झालं. सिस्टर रक्ताच्या चादरी गोळा करायला एकटीच आत गेली.

गोष्ट संपली, आता ऐका माझं. झुडूप पाण्यानं उघडतं हे आज बादलीतच बघितलंत, त्याला शाळा लागत नाही. पण चाळीस जण दाराबाहेर उभे राहिले आणि आत बाई आणि बाळ मरता मरता वाचली, याचाही विचार करा. कळा सुरू झाल्या की सरळ दवाखान्यात न्या. आणि आतून कुणी हाक मारली, तर मुहूर्त बघू नका. उठा आणि जा.