डावा पाय वाजत होता

मित्रांनो, मी ड्रमचा एक जुना पेडल आहे. डाव्या पायाचा. मी रागावलेलो आहे, आणि ते आधीच सांगून टाकतो. वर गोड बोलायचं आणि आत कुढत बसायचं, हे मला जमत नाही.

माझी घडण साधी आहे. लोखंडी बैठक, पावलाएवढी पट्टी, एक साखळी, एक स्प्रिंग आणि टोकाला कडक गोळा असलेला दांडा. पाय पट्टीवर पडला की साखळी ओढली जाते, दांडा पुढे झेपावतो आणि मोठ्या ड्रमवर ठोका बसतो. उजव्या पायाचा पेडल माझा जुळा भाऊ. दोन पायांखाली दोन ड्रम. जलद गाण्यात आम्ही एकामागोमाग असे पडायचो की ऐकणाऱ्याच्या छातीत धडधडायचं. कौतुक मात्र उजव्याचं व्हायचं. डावा म्हणजे हाताखालचा, असं सगळे धरूनच चालतात. ते मी गिळलं. माझा राग त्यावर नाही.

आम्हाला वाजवणाऱ्या बाईंना त्यांचा धाकटा दीर वहिनी म्हणतो, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. वहिनींनी घर बदललं. नव्या घरात वरची खोली त्यांची आणि खालची सासूबाईंची. एवढे मोठे ड्रम तिथे मावेनात, म्हणून ते एका शाळेला दिले. आम्ही दोघे भाऊ उरलो. आमच्यापुढे दोन रबरी पॅड आले. पॅडच्या पोटात ठोका ओळखणारी एक चकती असते. तिची वायर कम्प्युटरला जाते आणि कम्प्युटरमध्ये साठवलेला खऱ्या ड्रमचा आवाज हेडफोनमध्ये उमटतो. म्हटलं, चला, ड्रम गेले तरी काम राहिलं.

त्याच सुमारास वहिनी जिन्यावरून घसरल्या. डावा घोटा मोडला, पायाला प्लॅस्टर आलं. तेवढ्या काळात सॉफ्टवेअर बसवायचं काम दिराने अंगावर घेतलं. हुशार मुलगा, पण घाईचा. त्याने दोन्ही पॅड एकाच लांब फळीवर ठोकले. उजवा पडला की सगळी फळी हादरायची आणि माझ्या चकतीला वाटायचं, आपल्यालाच मारलं. पडद्यावर माझ्या नावाचे खोटे ठोके दिसू लागले. आता सांगा, अशा वेळी काय करावं? फळी कापून दोन कराव्यात. पण करवत कोण शोधणार? त्याने पडद्यावरची एक खूण वर सरकवली. तिचा अर्थ असा, की डावीकडून हलका ठोका आला तर मोजायचाच नाही. मग मला मुठीने दणादण हाणलं, दणके बरोबर उमटले, आणि म्हणाला, "झालं! एकदम चकाचक."

प्लॅस्टर निघालं. वहिनी रोज सकाळी, घरातलं कुठलंही काम हातात घेण्याआधी, माझ्यावर पाय ठेवून बसायच्या. त्यांचा हा नेम एकदाही चुकला नाही. घोटा दुखायचा, ओठ घट्ट मिटलेले असायचे. पाय हलका पडायचा, पण वेळेवर पडायचा. तो प्रत्येक ठोका मी जसाच्या तसा पॅडवर पोचवला. आणि हेडफोनमध्ये? काही नाही. शून्य.

"वहिनी, तुमचा डावा पायच पडत नाहीये," दीर म्हणाला. "बघा ना, पडदा कोरा आहे."

"पडतोय रे. मला कळतंय ना."

"तुम्हाला तसं वाटतंय. कम्प्युटर कशाला खोटं बोलेल?"

मित्रांनो, त्या क्षणी माझी साखळी तुटली असती तरी चाललं असतं. मी वाजत होतो! आणि माझ्या तोंडावर सांगत होते की मी वाजत नाही!

मग वहिनी ज्या ग्रुपमध्ये ड्रम वाजवायच्या, त्याचा गायक आला. एक वेगवान गाणं रेकॉर्ड करायचं होतं, त्यातली दोन पायांची चाल वहिनींनीच बसवलेली. तो म्हणाला, "टेन्शन कशाला घेता? डावे ठोके हा माउसने भरून टाकेल. कोणाला कळतंय? आणि कार्यक्रमांना दुसरा कोणीतरी बघतो, तात्पुरता."

"तात्पुरता म्हणजे किती दिवस?"

"बघू," असं म्हणून त्याने चहाच्या कपात तोंड घातलं.

दिराने माझे ठोके माउसने भरले. सगळे एकाच मापाचे, एकाच जोराचे. शिवणयंत्र चालावं तसे. वहिनींनी ते ऐकलं, हेडफोन काढून ठेवला आणि उजव्यावर नि माझ्यावर पाय ठेवून तेच गाणं शेवटचं म्हणून वाजवलं. मग पाना घेतला आणि मला काढून ठेवण्यासाठी माझा स्क्रू सैल करायला बसल्या.

एवढ्यात जिन्यावरून सासूबाई तणतणत वर आल्या. "अगं, जरा दम धर की! माझ्या डोक्यावर काय चाललंय हे? डोळा लागू देत नाहीस."

"आई, फक्त उजवा वाजतोय," दीर म्हणाला. "डावा बंद पडलाय."

"मला सांगतोस? पंख्याच्या या बाजूला धाड, त्या बाजूला धप. धाड-धप, धाड-धप. धप जरा हलकं आहे, पण मेलं एकही चुकत नाही! चुकलं असतं तर मला डुलकी तरी लागली असती."

वहिनींचा पाना थांबला. त्यांनी दिराचा हात धरून माझ्या पॅडपाशी फळीवर ठेवला आणि नुसत्या डाव्या पायाने वाजवलं. फळी थरथरत होती. पडदा कोरा होता. दिराचा चेहरा उतरला. त्याने ती खूण खाली ओढली आणि माझे ठोके मुंग्यांच्या रांगेसारखे पडद्यावर चालू लागले.

"खोटे ठोके येत होते, म्हणून वर केलं होतं," तो पुटपुटला. "तुमचं प्लॅस्टर होतं तेव्हा."

"म्हणजे माझा पाय बरा व्हायच्या आधीच तू त्याला बाद केलंस." वहिनींचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं, असं दिराला वाटलं असेल. "फळी काप."

"आत्ता?"

"आत्ता," सासूबाई म्हणाल्या. "करवत माझ्या पलंगाखाली आहे. आणि खाली काहीतरी जाड अंथर. माझं डोकं म्हणजे काही ड्रम नाही."

फळी कापली. दोन्ही तुकडे जाड चटयांवर ठेवले. मला कम्प्युटरमध्ये माझा स्वतःचा ड्रम मिळाला, भावाच्या ड्रमपेक्षा थोडा वेगळ्या आवाजाचा. दिराने हळूच विचारलं, "डावे ठोके जरा उचलून उजव्याच्या बरोबरीला आणू?"

"हात लावू नकोस."

वहिनींनी गाणं वाजवलं. माझे ठोके हलकेच होते, पण होते, आणि त्यामुळे चालीला श्वास आला. माउसचे ठोके त्यांनी स्वतः पुसले. गायकाने ते ऐकलं, मान डोलावली, दुसरा ड्रमवाला शोधायचं रद्द केलं आणि म्हणाला, "वा! सॉफ्टवेअर काय झकास बसवलंय!"

सॉफ्टवेअर! ऐकलंत ना?

मित्रांनो, माझ्या साखळीला तेल घाला, स्प्रिंगवरची धूळ पुसा, एवढं तर कोणताही पेडल मागेल. माझं मागणं वेगळं आहे. कोणी कळवळून सांगत असेल की मी करतोय, माझ्याकडून होतंय, आणि तुमच्या पडद्यावर काहीच दिसत नसेल, तर त्याला बाद करायची घाई करू नका. खुर्चीवरून उठा, खाली वाका आणि त्याच्या पायाकडे बघा.