खिडकीतून आलेल्या विटा

घराची किंमत ठरवणारा माणूस यायचा असला, की शिकागोच्या दक्षिण भागातल्या आमच्या काळ्या वस्तीत एक रीत आहे. आधी आपणच आपल्या घरातून नाहीसं व्हायचं. भिंतीवरचे आजी-आजोबा उतरवायचे, केसांच्या तेलाच्या डब्या लपवायच्या आणि ओळखीतली एखादी गोरी बाई मालकीण म्हणून सोफ्यावर बसवायची.

पहिल्या खेपेला व्हर्डेल मावशीनं यातलं काही केलं नाही. त्या माणसानं तिच्याकडे पाहिलं, आजोबांच्या फोटोकडे पाहिलं आणि किंमत इतकी पाडली, की बँकेनं छपरासाठी कर्जच नाकारलं. छप्पर बिचारं गळतच राहिलं.

म्हणून या खेपेला दुसरा माणूस, आणि सोफ्यावर मॉरीन. पोस्टात मावशीच्या शेजारच्या खिडकीवर तिनं जन्म काढला होता. मी हातात फडकं घेतलं. फडकं घेतलेल्या काळ्या पोरीला या शहरात कोणी 'तू कोण' म्हणून विचारत नाही.

"मावशी, तू माझ्याकडे जाऊन बस ना."

"माझं घर सोडून? हट्!" म्हणत ती आजोबांचा फोटो घेऊन कोटांच्या कपाटात, चर्चला घालायच्या टोप्यांमध्ये जाऊन बसली.

माणूस आला. उंच, गोरा, अगदी गोडबोल्या. "वा, काय सुरेख घर ठेवलंय तुम्ही!"

"अंदाजे किती होतील?" मॉरीननं लाजत विचारलं. त्यानं कागदावर आकडा लिहून दाखवला. मागच्यापेक्षा दुप्पट! मला तिथंच फडकं उडवावंसं वाटलं.

जाता जाता तो भिंतीतल्या विटांच्या शेकोटीपाशी थांबला. "या विटा किती वेगवेगळ्या आहेत. कुठून आणल्या?"

मॉरीन गडबडली. "इटलीहून."

कपाट धाडकन उघडलं. डोक्यावर जांभळी पिसांची टोपी वाकडी बसलेली, अशी मावशी बाहेर.

"इटली? गोऱ्या शेजाऱ्यांनी दिल्यात त्या! खिडकीतून! आम्ही राहायला आलो तेव्हा रोज रात्री एक. माझ्या बाबांनी काचा झाडल्या आणि विटा जपून ठेवून ही शेकोटी बांधली. म्हणाले, बांधकामाचं फुकटचं सामान आहे, टाकायचं कशाला?"

झालं, गेलं छप्पर, असं मला वाटलं. रडूच आलं.

माणूस कधी मावशीकडे, कधी मॉरीनकडे बघत राहिला. "म्हणजे घर..."

"माझं. मी कपाटात होते तेव्हापासून यातली एक तरी वीट हलली का? नाही ना? मग हिंमत असेल तर खोड तो आकडा. माझ्यासमोर खोड."

त्याचे कान लालबुंद झाले. पेन तसंच हातात. अखेर त्यानं ते खिशात ठेवलं आणि पुटपुटला, "आकडा आहे तोच राहील, बाई."

"बरं. उंच आहेस ना? मग हा फोटो लाव वर."

त्यानं शेकोटीवरच्या खिळ्याला आजोबांना टांगलं.

"वाकडा लावलास," मावशी म्हणाली. "नीट लाव. घराच्या मालकाचा आहे."