दुपारची गोळी

काळुराम बाकावर बसून पोटरीवर वाळलेले मीठ नखाने खरवडत होता, तेव्हा शस्त्रक्रियेच्या खोलीचे दार उघडले. सकाळी पेणजवळच्या मिठागरावर ट्रकमध्ये गोणी चढवताना त्याचा धाकटा भाऊ कान्हू फळीवरून घसरून डोक्यावर पडला होता. कवटी उघडून आत साकळलेले रक्त काढल्याचे डॉक्टरांनी सांगितले. पण आता नवेच रक्त झिरपू लागले होते आणि काही केल्या थांबत नव्हते.

"रक्त पातळ करणारी गोळी घेतात का ते?"

"नाय वो," कान्हूची बायको हौसा म्हणाली. "त्यांना कंदी ताप बी येत नाय."

काळुरामला समोरची पांढरी फरशी भरतीखाली जाताना दिसली. खाडीचे पाणी बांधावर आदळत नव्हते. खेकड्याने पोखरलेल्या बिळातून, आवाज न करता, मिठाच्या वाफ्यात शिरत होते. वाफ्यापलीकडे कान्हू उकिडवा बसून तळहात पुढे करत होता, रोजच्यासारखा.

"एकटाच खातोस व्हय रं दादा?"

मिठागरावर एकट्याने काही तोंडात टाकायचे नाही, ही त्यांच्या बापाची शिस्त. भाकरी, विडी, आंबा, सारे अर्धे. काळुरामच्या हृदयाची झडप बदलली, तेव्हापासून दुपारची गोळीही अर्धी. तिने छाती हलकी होते, असे कान्हू म्हणे. काळुरामला औषध पुरेसे लागू पडेना, म्हणून डॉक्टरांनी मध्यंतरी गोळी वाढवून दिली. तीही दोघांत वाटली गेली.

पाणी त्याच्या घोट्यांपर्यंत आले.

"घेतो," काळुराम म्हणाला. "माझ्यातली. मीच देतो."

हौसाने मान वळवली नाही. डॉक्टरांनी त्याच्या खिशातले गोळ्यांचे पाकीट पाहून परत दिले आणि ते लगबगीने आत गेले. पाठोपाठ इंजेक्शने गेली, रक्ताच्या पिशव्या गेल्या.

दुपार कलता कलता निरोप आला. झिरपणे ओसरले होते. शुद्धीचे मात्र आताच सांगता येत नव्हते. हौसाने फडके सोडून भाकरी काढली आणि दिराच्या हातावर ठेवली. दोन घास झाल्यावर काळुरामने गोळी काढली, सवयीने अंगठ्याच्या नखाने तिचे दोन तुकडे केले आणि ते तळहातावर तसेच धरून राहिला.

हौसाने पाण्याची बाटली पुढे केली.

"दोन्ही गिळा, दादा," ती म्हणाली. "उठल्यावर त्यांनी मागितली, तर सांगा, हौसानं देऊ दिली नाय."