तोंडावर म्हणून दाखवा

आमच्या सातवीच्या वर्गाचं व्हिडिओ टाकायचं अकाउंट उघडायला मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एका अटीवर परवानगी दिली. एक जरी वावगी कमेंट दिसली, की अकाउंट बंद. म्हणून वर्गशिक्षक या नात्याने मी वर्गाला नियम घालून दिला: कमेंट लिहायच्या आधी उभं राहून तीच त्या माणसाच्या तोंडावर म्हणून दाखवायची. घशात अडकली तर लिहायची नाही. नियम माझ्याच सुपीक डोक्यातून निघालेला, त्यामुळे मी जरा हवेतच होतो.

नियम चाललाही झकास. मागच्या बाकावरची घड्याळ, म्हणजे तास संपायला किती मिनिटं उरली हे न विचारता सांगणारी मुलगी, एकाच्या पुठ्ठ्याच्या पुलाच्या फोटोखाली काहीतरी झोंबणारं लिहिणार होती. त्याच्यासमोर उभी राहिली, तोंड उघडलं, मिटलं आणि "रंग बरा आहे," म्हणून खाली बसली.

मग आम्ही ज्वालामुखीच्या प्रयोगाचा व्हिडिओ टाकला. सोड्यावर व्हिनेगर मी ओतलं, फेस आला, मुलं किंचाळली. दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकतो तर सगळे दात काढून बसलेले. मांजराचा फोटो लावलेल्या कुणीतरी व्हिडिओखाली लिहिलं होतं, "ढब्बू, शर्ट खोच. पोट दिसतंय." आणि त्याखाली, "चौथीत असताना हाच ज्वालामुखी माझ्या ओट्यावर फोडून स्वतःच भोकाड पसरलं होतंस."

मांजर मी तेव्हाच ओळखलं. तो फोटो रविवारी मीच आईच्या फोनवर लावून दिला होता. "कुठे अडलं तर विचार," असंही म्हणालो होतो. तिचं कुठेच अडलं नव्हतं.

तेवढ्यात मोठ्या बाई दारात. "सर, हे मांजर कोण?"

"आई आहे माझी."

वर्गात असा काही हशा पिकला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. बाई हसल्या नाहीत. "नियम तुमचाच ना? मग उद्या त्यांनी येऊन म्हणून दाखवावं. नाहीतर अकाउंट बंद."

मुलांचे चेहरे पडले. पुलांचा व्हिडिओ टाकायचा राहिला होता आणि त्यासाठी सगळ्यांनी कोपरापर्यंत डिंकात हात बरबटून घेतले होते.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "येते की. मी कधी कुणाच्या पाठीमागे बोललेय?"

आली. इस्त्रीचे कपडे, नवा चष्मा. फळ्यापुढे उभी राहिली आणि न अडखळता म्हणाली, "ढब्बू, शर्ट खोच. पोट दिसतंय."

माझा हात आपोआप शर्टाकडे गेला. मुलांनी तोंडात रुमाल कोंबले.

"बघा, घशात काही अडकलं नाही," आई बाईंना म्हणाली.

"हीच तर पंचाईत आहे," बाई म्हणाल्या. "ज्याला बोलायची भीडच नाही, त्याला हा नियम काय करणार? करा बंद अकाउंट."

बाईंचं बरोबर होतं. माझा नियम भिडस्तांना अडवत होता आणि फटकळांना मोकळं सोडत होता. मुलांकडे बघवेना. मला खरंच वाईट वाटलं.

घड्याळ उठली. "आजी, लिहू का म्हणून तुम्ही सरांना विचारलं होतं?"

"त्यात काय विचारायचं? मुलगा आहे माझा."

"पण वाचलं तर आम्ही सगळ्यांनी."

आई माझ्याकडे वळली. "वाईट वाटलं का रे तुला?"

"थोडंसं," मी म्हणालो. "ज्वालामुखीचं नाही. पोटाचं."

सगळा वर्ग हसला, मोठ्या बाईसुद्धा हसल्या. फक्त आई हसली नाही. तिने पर्समधून फोन काढून घड्याळपुढे धरला. "पुसायचं कसं ते दाखव गं बाळा."

बाईंनी खडू घेतला आणि माझ्या नियमाखाली लिहिलं, 'ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याला आधी विचारायचं.' अकाउंट वाचलं.

संध्याकाळी पुलांचा व्हिडिओ टाकला. पहिलीच कमेंट मांजराची आली, "सगळे पूल भक्कम." मी निर्धास्त झालो. तोच आईचा खासगी मेसेज आला.

"आधी विचारते आहे. शर्टाचं लिहू का?"

मी व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला. शर्ट बाहेरच होता.